घटस्फोटातली पैशांची पहिली तारीख, आणि शेजारी वकील नाही

पोटगीच्या बातम्या छापून येतात त्या कोटींच्या. त्या वाचून कुणाची समजूत होते की घटस्फोट झाला की नवऱ्याची निम्मी इस्टेट बायकोच्या नावावर होते. कुणाला वाटतं, कोर्टाची पायरी चढली की पुरुष कंगाल झालाच. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या किंवा पुण्यात शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात अर्धा दिवस बसून बघा. तिथे ज्या आकड्यांवर ओढाताण चालते ते फार लहान असतात. मुलाच्या शाळेच्या बसचे दीड हजार, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या, भाड्याच्या खोलीची अनामत. ते मांडणाऱ्यांत वकील नसलेली माणसंही बरीच असतात. काहींना परवडत नाही, काहींना एकदा नेमलेल्या वकिलाची पुढची फी झेपलेली नसते, तर काहींना आपली बाजू आपणच मांडायची असते.

हा लेख त्यांच्यासाठी आहे. पैशांच्या पहिल्या सुनावणीला वक्तृत्व लागत नाही. एक नीट भरलेलं प्रतिज्ञापत्र आणि त्याला जोडलेले कागद लागतात, आणि ते काम घरी बसून, शांतपणे, कायद्याची पदवी नसतानाही करता येतं. मेहनत आहे, पण आवाक्यातली आहे.

ही तारीख नेमकी कशाची?

घटस्फोटाचा दावा वर्षानुवर्षं चालतो. तोवर घर कसं चालवायचं, याचं तात्पुरतं उत्तर म्हणजे अंतरिम पोटगी. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २४ खाली ती मागता येते. दाव्याच्या खर्चाची रक्कमही त्याच कलमाखाली मागता येते, आणि मुलांच्या खर्चासाठी कलम २६ आहे. अंतिम निकालाच्या वेळी ठरते ती कायमस्वरूपी पोटगी. ती वेगळी, कलम २५ ची.

पुनर्विकासाला गेलेल्या इमारतीचं उदाहरण घ्या. जुनी इमारत पाडल्यापासून नवीचा ताबा मिळेपर्यंत बिल्डर दरमहा भाडं देतो. नव्या इमारतीत कुणाला कितवा मजला मिळणार, हे त्या भाड्यावरून ठरत नाही. रहिवासी मधल्या काळात रस्त्यावर येऊ नयेत एवढ्यासाठीच ते असतं. अंतरिम पोटगीचंही तसंच आहे. संसार कुणामुळे मोडला, क्रूरता झाली की नाही, याचा निवाडा त्या अर्जावर होत नाही. हे एकदा मनात पक्कं झालं की पहिल्या तारखेला काय बोलायचं नाही, तेही आपोआप कळतं.

याशिवाय आणखी दोन रस्ते आहेत. एक, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, म्हणजे १ जुलै २०२४ पूर्वी ज्याला सगळे 'एकशे पंचवीस' म्हणत ते. ते कुठल्याही धर्माच्या पत्नीला, मुलांना आणि आईवडिलांनाही खुलं आहे. दुसरा, कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा. एकाहून जास्त ठिकाणी अर्ज करता येतो, मात्र एकीकडे मिळालेली किंवा मागितलेली रक्कम दुसरीकडे सांगावीच लागते. दोन्हीकडून दुप्पट मिळत नाही; आधीची रक्कम वजा धरली जाते.

आता निम्म्या इस्टेटीबद्दल. हिंदू विवाह कायद्यात नवऱ्याच्या मालमत्तेची वाटणी करण्याची तरतूद नाही. तसा हिस्सा देऊ पाहणारं एक विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं होतं, पण त्याचा कायदा कधी झालाच नाही. गोव्याचं वेगळं आहे. तिथे हिंदू विवाह कायदाच लागू नाही. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर पतीपत्नीची मालमत्ता सामाईक धरतात आणि दोघांचा अर्धा-अर्धा वाटा असतो. म्हणून म्हापशाच्या मावसबहिणीचा सल्ला सावंतवाडीत कामाला येत नाही.

वकील नसला तर उभं राहू देतात का?

देतात, आणि कौटुंबिक न्यायालयात तर मूळ कल्पनाच ती आहे. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ चं कलम १३ सांगतं की या न्यायालयात वकिलामार्फत बाजू मांडण्याचा कुणालाही हक्क नाही. वकील उभा करायचा तर न्यायालयाची परवानगी लागते. प्रत्यक्षात ती सर्रास मिळते आणि समोरच्या बाजूला बहुतेक वेळा वकील असतोच. तरीही नवराबायकोचं म्हणणं थेट ऐकावं, त्यांच्यात समेट घडतो का बघावं, पुराव्याचे काटेकोर नियम थोडे सैल ठेवावेत, याच विचारातून हे न्यायालय उभं राहिलं. तुम्ही तिथे उपरे नाही.

तुमच्या तालुक्याला किंवा जिल्ह्याला कौटुंबिक न्यायालय नसेल तर प्रकरण दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालतं. तिथेही स्वतःचं प्रकरण स्वतः चालवण्याचा हक्क आहेच. मराठीची चिंता नको. ती महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा आहे. अर्ज मराठीत लिहा, मराठीत बोला.

खर्चाबद्दल दोन गोष्टी लोकांना ठाऊक नसतात. पोटगी आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत महाराष्ट्रात महिलांना न्यायालयीन शुल्क माफ आहे. न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रालाही मुद्रांक शुल्क लागत नाही, त्यामुळे पाचशेचा स्टॅम्प आणा म्हणून कुणी फेऱ्या मारायला लावल्या तर शांतपणे नाही म्हणा. आणि एकटं लढायचंच नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना त्यांच्या उत्पन्नाचा विचार न करता सरकारी खर्चाने वकील मिळतो. पुरुषांना उत्पन्नाच्या मर्यादेत किंवा अनुसूचित जाती-जमाती, अपंगत्व अशा निकषांवर मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते.

खरी सुनावणी कागदावर होते

नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात २०१३ साली पोटगीचा एक अर्ज दाखल झाला. अंतरिम रकमेचं भांडण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि ४ नोव्हेंबर २०२० ला निकाल आला. 'रजनेश विरुद्ध नेहा' म्हणून तो देशभर ओळखला जातो. एवढ्याशा प्रश्नाला इतकी वर्षं लागतात, हे बघून न्यायालयाने सगळ्या देशासाठी एक पद्धत घालून दिली. पोटगी मागणारा आणि देणारा, दोघांनीही आपलं उत्पन्न, मालमत्ता, देणी आणि खर्च ठरावीक नमुन्यात, शपथेवर लिहून द्यायचं. यालाच मालमत्ता व दायित्वांचं प्रतिज्ञापत्र म्हणतात. अर्जदाराने ते अर्जासोबतच द्यायचं, समोरच्याने जास्तीत जास्त चार आठवड्यांत उत्तरासह. तरीही अनेक न्यायालयांत ते पाळलं जात नव्हतं, म्हणून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं.

माझं ठाम मत आहे की वकील नसलेल्या माणसासाठी गेल्या कित्येक वर्षांत याहून उपयोगी काही झालेलं नाही. कारण पूर्वी जो मोठ्याने, सफाईने बोले त्याचं पारडं जड होई. आता दोघांपुढे एकच छापील नमुना आहे आणि प्रश्नही तेच.

नमुना लांबलचक आहे, पण अवघड नाही. त्यातली एक मागणी मुद्दाम समजून घ्या: आयकर विवरणपत्रं तीन वेळची मागितली आहेत. लग्नाच्या एक वर्ष आधीचं, वेगळं होण्याच्या एक वर्ष आधीचं आणि अर्ज करतानाचं. लग्नामुळे कुणाची नोकरी सुटली आणि दाव्याची कुणकुण लागल्यावर कुणाचं उत्पन्न अचानक आटलं, हे त्या तीन कागदांवरून दिसतं. बँकेच्या सगळ्या खात्यांचे तीन वर्षांचे उतारेही जोडायचे असतात. 'सगळ्या' याचा अर्थ गावाकडच्या सहकारी बँकेतलं, वापरात नसलेलं खातंसुद्धा.

शेती करणाऱ्यांसाठी स्वतंत्र, छोटा नमुना आहे. किती जमीन, बागायत की जिरायत, पिकं कोणती, जनावरं किती, असं त्यात विचारलं आहे. सातबारा आणि आठ-अ जोडा. जमीन सासऱ्यांच्या नावावर असेल तर तसंच लिहा. पिकाचे पैसे कुणाच्या खात्यात जमा होतात ते कारखान्याच्या किंवा बाजार समितीच्या पट्टीवरून दाखवता येतं. दारिद्र्यरेषेखालच्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि रोजंदारीवरच्या माणसांना हे प्रतिज्ञापत्र माफ आहे. त्यांनी अर्जात तसं स्पष्ट लिहावं आणि रेशनकार्डाची प्रत लावावी.

सर्वात जास्त वेळ खर्चाच्या रकान्याला द्या. समजा, चिंचवडला भाड्याने राहणारी एक बाई आहे. खासगी शाळेत शिकवते, हातात १८,००० येतात, आठ वर्षांचा मुलगा तिच्याजवळ आहे. ती अंदाजे '३५-४० हजार खर्च होतो' असं लिहिते तेव्हा न्यायाधीशांच्या हाती काहीच लागत नाही. तेच तिने असं मांडलं तर? घरभाडं ११,०००. किराणा, दूध, भाजी, गॅस ८,५००. वीज आणि मोबाइल १,८००. शाळेची वार्षिक फी ४८,०००, म्हणजे महिन्याला ४,०००. शाळेची बस १,५००. मुलाचं औषधपाणी आणि वह्या-पुस्तकं १,७००. तिचं येणं-जाणं १,५००. कपडे, सणवार १,५००. आरोग्य विम्याचा हप्ता वर्षाला १२,०००, म्हणजे महिन्याला १,०००. बेरीज ३२,५००, पगार १८,०००, तूट १४,५००.

हा झाला तळाचा आकडा. वेगळं होण्यापूर्वी घर ज्या पद्धतीने चाललं होतं त्याच्या जवळपास राहता यावं, असंही कायदा म्हणतो. पूर्वी मुलगा पोहायला आणि तबल्याच्या क्लासला जायचा, ते बंद झालं, असं असेल तर ते लिहायचं आणि क्लासच्या पावत्या जोडायच्या. समोरच्याचा पगार ७२,००० असेल, तर मुलासाठी १२,००० आणि स्वतःसाठी ८,००० अशी मागणी तिला ओळीओळीने पटवून देता येईल. पन्नास हजार मागितले तर सगळा वेळ तो आकडा सावरण्यात जाईल.

प्रत्येक ओळीच्या मागे एक कागद हवा. भाडेकरार, फीची पावती, किराणा दुकानाची यूपीआय नोंद, औषधांची बिलं. सगळ्या कागदांवर पान क्रमांक घाला, वर एक यादी लावा आणि तीन संच करा: न्यायालयाला, समोरच्याला, स्वतःला. पाचव्या पानावरची पावती मागितली की ती लगेच काढून देता आली पाहिजे.

आणि खोटं लिहू नका. शिकवण्यांचे चार हजार रोख मिळत असतील तर लिहा. हे शपथेवरचं विधान आहे. खोटं ठरलं तर कारवाई होऊ शकते. त्याहून लवकर बसणारा फटका असा की एक लपवलेलं खातं उघड झालं की तुमच्या बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही कुणी भरवसा ठेवत नाही.

तो कमाई लपवतोय, मी कशी शोधणार?

रोख व्यवहाराचं दुकान, भावाच्या नावावर गाडी, बहिणीच्या खात्यात पैसे. ही तक्रार जवळजवळ प्रत्येक अर्जात असते. नमुन्यातच एक भाग समोरच्याबद्दल तुम्हाला असलेल्या माहितीचा आहे. तो रिकामा सोडू नका. शिक्षण, हुद्दा, कंपनी, पगाराचा शेवटचा माहीत असलेला आकडा, गाडी, एसआयपी, परदेश सहली, सभासद असलेले क्लब, सोसायटीची देखभाल फी कोण भरतं, सगळं लिहा. राहणीमान हाही पुरावा असतो. उत्पन्न २०,००० सांगणारा माणूस २५,००० चा गाडीचा हप्ता भरतो, एवढं दाखवलं तरी पुढचा प्रश्न न्यायाधीश विचारतील.

तेवढ्यावर भागलं नाही तर दोन अर्ज करता येतात. एकात समोरच्याने शपथेवर उत्तर द्यावं अशी लेखी प्रश्नावली असते. दुसऱ्यात विशिष्ट कागद हजर करण्याची मागणी. 'सगळे कागद द्या' असं मोघम लिहू नका. 'अमुक बँकेच्या, शेवटचे चार अंक अमुक असलेल्या खात्याचा एप्रिलपासूनचा उतारा' असं लिहा. मालकाकडून पगाराची माहिती मागवण्याचीही विनंती करता येते. स्वतःच्या कमाईची माहिती ज्याची त्यालाच असते, म्हणून ती उघड करण्याची जबाबदारीही त्याचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने त्याच निकालात म्हटलं आहे.

त्याच्या ईमेलचा पासवर्ड वापरून पगारपत्रक काढण्याच्या मोहात मात्र पडू नका. त्यातून तुमच्यावरच नवं प्रकरण उभं राहू शकतं.

त्या दिवशी काय घडतं?

आदल्या संध्याकाळी ई-कोर्ट्सच्या ॲपवर आपल्या प्रकरणाची ओळख असलेला सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक टाकून तारीख आणि दालन तपासा. सकाळी दालनाबाहेरच्या बोर्डावर आपला अनुक्रमांक बघा. शिपाई नावाचा पुकारा करतो. पुकारा झाला आणि तुम्ही खाली झेरॉक्सला गेला असाल तर प्रकरण गैरहजेरीत पुढे जाऊ शकतं, म्हणून दालन सोडायचं तर कुणाला तरी सांगून जा.

पहिल्याच तारखेला रक्कम ठरेल अशी अपेक्षा धरू नका. बहुधा नोटीस लागली का, दोघं हजर आहेत का, म्हणणं दाखल झालं का, एवढंच पाहिलं जातं. म्हणणं म्हणजे तुमच्या अर्जावर समोरच्याचं लेखी उत्तर. अर्ज आणि कागदांना मिळालेल्या क्रमांकाला निशाणी म्हणतात. आपला अंतरिम अर्ज कितव्या निशाणीवर आहे ते वहीत लिहून ठेवा. न्यायालयाला एखादी गोष्ट कळवायची असेल, उदाहरणार्थ पत्ता बदलला, तर एक पानाचं निवेदन देतात, त्याला पुरसीस म्हणतात. आणि त्या दिवशी जे घडलं त्याची नोंद होते तो रोजनामा. घरी आल्यावर तो ऑनलाइन वाचा. तुम्हाला ऐकू आलं ते आणि लिहिलं गेलं ते एकच आहे ना, याची खात्री होते.

समोरचा तारखेमागून तारीख मागत असेल तर गप्प बसू नका. नोटीस लागल्यापासून शक्यतो साठ दिवसांत अंतरिम अर्ज निकाली काढावा, असं कलम २४ मध्येच लिहिलं आहे. प्रतिज्ञापत्र देण्यासाठी दोनपेक्षा जास्त संधी देऊ नयेत आणि हेतुपुरस्सर टाळाटाळ असेल तर बचाव काढून टाकता येतो, हे २०२० च्या निकालात आहे. साठ दिवस क्वचितच पाळले जातात, हे खरं. पण जो आठवण करून देतो त्याच्या प्रकरणात तहकुबी थोडी अवघड होते.

दोन मिनिटांत काय बोलायचं?

बोर्डावर प्रकरणांची रांग असते, त्यामुळे दोन-तीन मिनिटांहून जास्त मिळतील असं धरू नका. तेवढ्यात बसेल असं लिहून न्या आणि वाचून दाखवायला लाजू नका. त्या चिंचवडच्या बाईने असं म्हटलं तर पुरे:

"मॅडम, मी अर्जदार, स्वतः हजर आहे. माझा अंतरिम पोटगीचा अर्ज निशाणी ५ वर आहे, प्रतिज्ञापत्र सोबत दिलं आहे. माझा पगार १८,००० आहे. माझा आणि मुलाचा खर्च ३२,५०० आहे, तपशील पान ४ वर, पावत्या पान ९ पासून. समोरच्यांचं प्रतिज्ञापत्र अजून आलेलं नाही, ही त्यांची दुसरी तारीख आहे. ते दाखल करण्यासाठी शेवटची मुदत द्यावी. आणि शाळेची फी या महिन्यात भरायची आहे, तेवढी रक्कम तरी आज द्यायला सांगावी."

सासूने काय म्हटलं, लग्नात मानपान कसा झाला, कोण कुणाबरोबर कुठे दिसलं, यातलं एकही वाक्य यात नाही. ते दुःख खरं असतं, त्याला मूळ दाव्यात जागाही आहे. इथे ते बोललात तर न्यायाधीश तुम्हाला मध्येच थांबवतील आणि फीचा मुद्दा राहून जाईल. समोरचा वकील चिडवेल, 'बाई नोकरी करतात, ऐश करतात' म्हणेल. त्याला उत्तर देऊ नका. न्यायाधीशांकडे बघून पान क्रमांक सांगा.

समुपदेशकाच्या खोलीत

कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात आणि सुरुवातीलाच तुम्हाला त्यांच्याकडे पाठवलं जातं. तिथलं बोलणं गोपनीय असतं, पुरावा म्हणून वापरलं जात नाही, म्हणून मोकळेपणाने बोला. पैशांवर तिथे तोडगा निघाला तर उत्तमच. वर्षभराच्या तारखांपेक्षा दोन हजार कमी घेऊनही समझोता परवडतो, असं मी मनापासून म्हणेन.

सही मात्र त्याच दिवशी करू नका. मसुदा घरी न्या, निदान एक रात्र जाऊ द्या. रक्कम कुठल्या तारखेला, कुठल्या खात्यात, दरवर्षी वाढ किती, मुलाच्या दहावी-बारावीनंतरच्या शिक्षणाचं काय, हे लिहिलेलं आहे का बघा. 'मुलासाठी यापुढे काहीही मागणार नाही' अशी ओळ असेल तर ती काढायला सांगा. पोटगी हा मुलाचा स्वतःचा हक्क आहे, तो आईने किंवा वडिलांनी सोडून देण्याचा नाही.

'मी कमावते, मग मला काही मिळणार नाही'

मिळू शकतं. पत्नी कमावते एवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही. ती कमाई पूर्वीच्या राहणीमानाला पुरेशी आहे का, हे पाहिलं जातं. कमावू शकणं आणि प्रत्यक्ष कमावणं यांतही न्यायालयं फरक करतात. बीएड झालेली पण दहा वर्षं घर सांभाळलेली बाई उद्या सकाळी नोकरीला लागेल असं कुणी गृहीत धरू नये. माहेर श्रीमंत आहे हा युक्तिवादही टिकत नाही. उलट बाजूने, दोघांचे पगार सारखेच असतील आणि मुलं नसतील तर स्वतःसाठी काही मिळण्याची शक्यता कमीच, तेव्हा त्या आशेवर कर्ज काढू नका.

दुसरी समजूत पगाराच्या पंचवीस टक्क्यांची. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एका निकालात तेवढी रक्कम त्या प्रकरणात योग्य ठरेल असं म्हटलं होतं, तेव्हापासून लोक तो नियमच धरून चालतात. तसा कुठलाही ठरलेला हिस्सा कायद्यात नाही. गरज, ऐपत, मुलं, राहणीमान, वय, आजार हे सगळं एकत्र पाहून रक्कम ठरते.

पैसे देण्याच्या बाजूला असाल तर

प्रतिज्ञापत्राची शिस्त तुमच्याही फायद्याची आहे. बाहेर तुमच्या पगाराचे भलते आकडे सांगितले जात असतील तर फॉर्म १६ आणि तीन वर्षांचे बँक उतारे हे त्यावरचं सर्वात सरळ उत्तर. आयकर आणि भविष्य निर्वाह निधीसारख्या सक्तीच्या कपाती सहसा विचारात घेतल्या जातात. आपणहून घेतलेल्या कर्जाचा हप्ता वजा होईलच असं नाही, विशेषतः ते कर्ज वेगळं झाल्यावर काढलेलं असेल तर. वृद्ध आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील तर त्यांच्या औषधांची बिलं जोडा. ती जबाबदारी न्यायालय ओळखतं.

नोकरी सोडून 'उत्पन्न शून्य' लिहिण्याचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. धडधाकट माणसाने कष्ट करून का होईना, बायकामुलांना पोसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे. नोकरी खरोखरच गेली असेल तर कंपनीचं पत्र आणि त्यानंतर केलेले नोकरीचे अर्ज दाखवा. घटस्फोट ठरेपर्यंत मुलाची फी परस्पर शाळेत भरत असाल तर पावत्या जपा. आणि हे कमी जणांना माहीत असतं: हिंदू विवाह कायद्याखाली उत्पन्न नसलेला नवराही कमावत्या पत्नीकडून अंतरिम पोटगी मागू शकतो. विशेष विवाह कायद्याखाली तो पर्याय फक्त पत्नीला आहे.

परदेशात नोकरीला असलेल्यांसाठी नमुन्यात वेगळा भाग आहे. पगार तिथल्या चलनात आणि तिथला खर्चही लिहायचा. फक्त रुपयात रूपांतर करून लाखांचा आकडा पुढे आला तर तिथलं घरभाडं कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही.

वकील लागतोच, अशी वेळ

फौजदारी तक्रार सुरू असेल, घराच्या मालकीचा वाद असेल, भागीदारीचा धंदा किंवा कंपनी असेल, मुलाला परदेशी नेण्याची भीती असेल, मारहाणीमुळे समोर उभं राहणंच अशक्य असेल, तर एकट्याने जाऊ नका. साक्षीपुरावा आणि उलटतपासणीचा टप्पा आल्यावरही वकील घ्या. अंतरिम अर्जापुरतं स्वतः लढून पुढे वकील नेमता येतो, त्यात काही बिघडत नाही. पैसे थोडेच असतील तर त्यांतले काही खर्चून दाखल करण्यापूर्वी प्रतिज्ञापत्र एकदा जाणकाराच्या नजरेखालून घाला. उपयोग सर्वात जास्त तिथेच होतो.

आदेश झाल्यावर

पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते, आदेशाच्या तारखेपासून नाही. त्यामुळे मधल्या महिन्यांची थकबाकी आदेशात आली आहे का ते वाचा. लगेच नक्कल अर्ज करून सही-शिक्क्याची प्रत घ्या. रक्कम बँक खात्यातच मागा, रोख घेऊ नका. देणाऱ्यानेही रोख देऊ नये. आदेश पटला नाही तर उच्च न्यायालयात दाद मागता येते, पण तिथे स्थगिती मिळेपर्यंत महिन्याची रक्कम द्यावीच लागते. नोकरी गेली, आजारपण आलं, मुलाची फी वाढली, तर नव्या प्रतिज्ञापत्रासह रक्कम बदलून मागता येते.

पैसे येणं थांबलं तर प्रत्येक न मिळालेल्या महिन्याची तारीखवार यादी करून वसुलीचा अर्ज करा. पगारातून किंवा मालमत्तेवर जप्ती आणून वसुली होऊ शकते. कलम १४४ च्या आदेशाखाली वॉरंट काढूनही रक्कम भरली नाही तर तुरुंगवासही होऊ शकतो. मात्र त्या कलमाखाली वॉरंटसाठीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. 'देईल, देईल' म्हणत चौदा महिने थांबलात तर पहिल्या दोन महिन्यांच्या रकमेसाठी हा वॉरंटचा रस्ता बंद होतो. म्हणून थकबाकीचा पहिला अर्ज तिसऱ्या महिन्यातच टाका.